सहा ओळींचा फरक

वैशाखात, अंगाला अंग लागू नये अशा दुपारी,
मांडीवर लोकर घेऊन बसणारी
जोडभावी पेठेत मी एकटीच असेन.
दारावर पाटी आहे: स्वेटर जोडून मिळतील.
पाटी वाचून लोक हसतात.
सोलापुरात स्वेटर, काय की!

पुढचा भाग नागमणी अक्कांचा,
डांबरगोळीच्या वासाचा, जुन्या साडीत गुंडाळलेला.
मागचा सुगुणाचा,
त्यात तंबाखूची भुकटी
आणि एका टाक्यात अडकलेला तेंदूच्या पानाचा कण.
दोघी सख्ख्या बहिणी. घरं समोरासमोर.
वडिलांचे दोन माग भंगारात गेले,
त्या पैशांवरून अकरा वर्षं बोलणं नाही.
भाच्याची बदली मात्र सिमल्याला झाली,
आणि लोकर एकाच दुकानातून, एकाच रंगाची,
दोघींनी वेगवेगळ्या दिवशी आणली.

सुगुणा म्हणाली, जोड दिसू देऊ नको.
अक्का म्हणाल्या, माझं कुठं संपतं ते कळू दे.

दोन्ही भाग शेजारी अंथरले.
उंचीला बरोबर. ओळी मोजल्या तर
इकडं एकशे बारा, तिकडं एकशे अठरा.
दिवसाला हजार विड्या वळणारी बोटं
सुईवरही सैल सोडत नाहीत काही.

माझे आप्पा बीम सांधायचे.
संपत आलेल्या ताण्याचं एकेक टोक
नव्या ताण्याच्या टोकाशी, चिमटीत राख घेऊन, पिळायचे.
दोन हजार धागे, एक रात्र.
सकाळी माग सुरू झाला की सांधा
फणीतून सुळकन पलीकडे.
चादर अंगावर घेणाऱ्याला काय माहीत आप्पा.
त्यांची बोटं मरेपर्यंत राखाडी होती.

मी काठाचा टाका सोडते,
त्याच्या आतल्या बाजूला दोन टाक्यांमध्ये
आडव्या धाग्याची बारीक पायरी असते, ती उचलते.
मग पलीकडची. मग अलीकडची.
चार-पाच पायऱ्यांपर्यंत सगळं उघडंच दिसतं,
शिडीसारखं, लाज वाटावी इतकं.
मग दोरा ओढायचा. फार नाही.
फार ओढला की चुण्या पडतात,
थोडा कमी पडला की फट हसते.
घामानं सुई निसटते, पदराला पुसते, पुन्हा.

सहा ओळींचं काय करायचं?
उसवून कुणाच्या विणीत हात घालायचा नाही,
हा माझा नियम.
म्हणून सुगुणाच्या बाजूच्या, मधूनमधून,
दोन पायऱ्या एकदम उचलल्या.
सहा वेळा. एका जागी नाही, विखरून.

संध्याकाळी अक्का आल्या.
चष्मा लावला, दाराच्या उजेडात धरला,
उलटा करू का म्हणाल्या, मी नाही म्हणाले.
मग त्यांनी चष्माच काढला,
डोळे मिटून करंगळी कडेनं खाली सोडली.
थांबली.
"हितं दोन घेतल्यास."
पुन्हा थांबली. पुन्हा.
बगलेपासून कमरेपर्यंत सहाही सापडले त्यांना.

"सहा ओळी जास्त हायत तिच्या."
हो, म्हटलं.
"लहानपणापासून आवळून विणते.
रात्री झोपेत माझा हात धरायची,
सकाळी बोटांत रग असायची माझ्या."

मग बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत.
मीही उरलेल्या लोकरीचा गुंडा करत राहिले.
पैसे विचारले. अर्धे सांगितले.
त्यांनी कनवटीतून पूर्ण काढले
आणि स्वेटर घडी न घालता,
हातावर टाकून, तशाच निघाल्या.

गल्ली पुढं जाते तिथं
डावीकडे त्यांचं दार, उजवीकडे सुगुणाचं.
कुठं वळल्या, मी पाहिलं नाही.
दिवे लागले होते, माग पुन्हा सुरू झाले होते,
आणि मी सुईच्या नेढ्यात
दोरा घालत होते,
तिसऱ्यांदा.