उसनं कातडं

लुईस बेट, एप्रिल

रविवारी इथे बागेतल्या झोक्यांनाही साखळी असते.
दोरीवर कपडे नाहीत, बोटी किनाऱ्याला उताण्या,
आणि वारा, ज्याला कुणी आज्ञा शिकवली नाही,
तो एकटा कामावर.

मी एडिनबराहून आलो होतो, पिशवीत प्रबंध घेऊन:
देवाने नियम दोनदा लिहिला,
एकदा दगडावर, एकदा काळजात,
आणि दोन्हीकडचं अक्षर एकच आहे.
एकसष्ट पानं. तळटिपा वेगळ्या.

टॉरमॉडच्या गोठ्यात त्या पहाटे
तिळ्यांची आई तिसऱ्याला ढुशा देत होती.
दोन सड, दोन पोरं. तिचा हिशेब चोख.
तिसरं उठायचं, लडबडत यायचं,
ती पुन्हा डोकं खाली घालायची.
निसर्गाचा कल कल्याणाकडे असतो,
असं मी नवव्या पानावर लिहिलंय.

पलीकडे फळीआड दुसरी मेंढी
रात्रभर मेलेल्या कोकराला चाटत होती,
आता तरी ऊठ, अशी.
तिसऱ्याला तिच्यापुढे सरकवलं
तर हुंगून तिनेही लाथ झाडली.
माया होती, पण नावगाव विचारणारी.

टॉरमॉड चर्चचा वडील.
चौऱ्याहत्तर वर्षांत रविवारी त्याने दाढी केलेली नाही,
पाणीसुद्धा शनिवारीच भरून ठेवतो.
त्याने खिशातून चाकू काढला.
मेलेल्याचं कातडं ओल्या मोज्यासारखं सोललं,
चार पायांना चार भोकं,
आणि जिवंताला घातलं.
बाह्या जरा लांब झाल्या.

"हे खोटं आहे," मी म्हणालो. मला गप्प बसवत नाही.
"आहे," तो म्हणाला. "आणि आज रविवार आहे. तेही धर."

मेंढीने शेपटीखाली हुंगलं.
एकदा. परत एकदा.
मग घशातून तो खोल, बारीक आवाज,
जो त्या फक्त आपल्या पोराशी काढतात,
आणि पान्हा.

खड्ड्यात पडलेला बैल शब्बाथाला काढायची मुभा आहे,
हे मला पाठ होतं.
कातडं पांघरून आंधळ्या बापाला फसवणारा मुलगाही ठाऊक होता.
यातलं हे कुठलं, मी विचारलं.

"बुधवारपर्यंत थांब," तो हात पुसत म्हणाला.
"तिचं दूध याच्या पोटातून जाईल,
मग याला तिचाच वास येईल.
तेव्हा कातडं काढायचं. खोटं उरणार नाही."
"आणि तोपर्यंत?"
"तोपर्यंत माझ्या खात्यावर."

अकरा वाजता पुढच्या बाकावरची त्याची जागा रिकामी.
तो मागे, दाराशी, टोपी मांडीवर,
बाहीच्या कडेला वाळलेलं रक्त.
त्याच्या बहिणीने, ऑयरिकने, वळून पाहिलं
आणि नजर घडी घालून परत ठेवली.
एकाने स्तोत्राची ओळ उचलली, मागून सगळी मंडळी,
कुणी आधी, कुणी उशिरा, किनाऱ्यावर लाट फुटते तशी.
तोही गात होता.
क्षमा मागत असावा.
बहुधा पुढच्या एप्रिलचीही.

बुधवारी कातडं काढलं तेव्हा ते कुजायला लागलं होतं.
मला वास सोसेना, त्याला सोसला.
खाली कोकरू, ओलं, पिवळट, आपल्याच अंगातलं.
मेंढीने मान वर केली.
मी श्वास धरला.
ती पुन्हा रवंथ करू लागली.

आणि गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला ती पहिली,
दोघांना पाजत,
निर्दोष.