चिठ्ठी

सुवाच्या तळ्यावर उणे चौदा.
बर्फावर मोमोसेबाईंचा डबा, जेवणाच्या डब्याएवढा,
आत एक चिप, दोन सेल,
आणि बर्फाला कान लावून बसलेली पितळी चकती.

प्रोसेसर झोपलेला.
झोपू द्यायचा, हीच तर युक्ती.
जागा झाला की सेल पितो,
आणि तळं फुटेल ते आज, की आठवड्यानं,
की यंदा फुटणारच नाही, कोणाला ठाऊक.

तरी सेकंदाला आठ हजार वेळा
चकतीकडून एक आकडा येतो नि दार वाजतं.
उठतो तो दुसराच.
नाव लांबलचक, डेटा ट्रान्सफर कंट्रोलर;
बाई नुसतं ‘तो’ म्हणतात.

त्याला स्वतःचं काही आठवत नाही.
कुठलं दार वाजलं, एवढंच कळतं.
त्या नंबरचा खण तक्त्यात बघतो,
खणात पत्ता, पत्त्यावर चिठ्ठी, सोळा बाइटांची:
कुठून उचल. कुठे ठेव. किती उरले.
आकडा उचलतो, ठेवतो,
ठेवायची जागा एक घर पुढे सरकवतो,
उरलेल्यांतून एक वजा करतो,
चिठ्ठी होती तिथे परत ठेवतो
आणि विसरतो.
पुन्हा दार. पुन्हा तीच चिठ्ठी,
जणू आयुष्यात पहिल्यांदाच वाचतोय.

बाईंचे वडील मिसोच्या कोठारात मुकादम होते.
तिथे तोकुजिरो नावाचा गडी,
पिंपावरच्या पाटीवर खडूनं लिहिलेलं तेवढंच वाचायचा.
मिसो कुणाचा, कशाला, विचारायचा नाही.
वडील म्हणायचे, तोकुजिरो कधी चुकला नाही.
चुकायची ती पाटी.

सव्वीस जानेवारीच्या पहाटे तळं फुटलं.
मी किनाऱ्यावरच्या गाडीत होतो, उशियामा शेजारी घोरत होते.
आधी एक लांब ओरखडा, मग
कुणी लोखंडी पूल वाकवावा तसा आवाज
पायाखालून पलीकडच्या काठापर्यंत गेला.
उशियामा दचकून उठले आणि उगाचच टोपी काढली.

सकाळी डबा उघडला.
ओरखडा होता.
त्यापुढे काहीच नाही.

तीन दिवस बाई कोडसमोर बसून.
त्याला दोष देऊन उपयोग नव्हता,
त्यानं सांगितलं तेच केलं होतं.
चौथ्या दिवशी त्यांनी मला खुर्ची ओढायला सांगितली.
चिठ्ठी लिहिली होती फंक्शनच्या कच्च्या पानावर,
काम संपलं की पुसायला मोकळं असलेल्या.
महिनाभर त्या पानाला कुणी हात लावला नाही,
म्हणून सगळं सुरळीत.
मग बर्फ ओरडला.
आवाज मोठा झाला तर प्रोसेसरला उठवायचं,
वेळ टिपायची, असं आम्हीच ठरवलेलं;
तो धडपडून उठला, हाताला आलेलं पान ओढलं
आणि वेळ टिपली
चिठ्ठीवरच.

दार वाजलं.
त्यानं चिठ्ठी वाचली.
‘कुठे ठेव’च्या जागी तीन वाजून बारा मिनिटं.
हाच पत्ता असेल, म्हणून
तळ्याचा सगळा आवाज उचलून उचलून
तो तीन वाजून बारा मिनिटांवर ठेवत राहिला,
जिथे मेमरीच नाही.

बाई हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत.
ओळीच्या सुरुवातीला एकच शब्द घातला, स्टॅटिक;
आता ती जागा कुणी पुसणार नाही.
मग कपात पाणी ओतलं आणि प्यायला विसरल्या.

तळं पुन्हा फुटलं नाही.
फेब्रुवारीत ऊन आलं, कडा काळ्या पडल्या,
उशियामांनी दोरीनं डबा ओढून काढला.
तो गाडीत मांडीवर घेऊन बसलो तेव्हा
बंद करायचं कुणालाच सुचलं नव्हतं.
घरी येऊन ऐकलं:
बुटांखालचा चिखल, गाडीचं दार,
उशियामांचं गुणगुणणं, थोडं बेसूर,
आणि वळणावर बाईंचं, कुणाला उद्देशून नव्हे,
‘बरं झालं असतं.’
सगळं जागच्या जागी.
एकही आकडा गळलेला नाही.