अनामत

बाबालाल तांबोळींचं सायकल दुकान, खणभाग.
भिंतीवर निकाल, ऑइलच्या बोटानं लिहिलेले:
छत्री, तीनशे बारा.
शिलाई मशीन, दोनशे सात.
शिट्टीची मतं वाचता येत नाहीत,
त्या साली कृष्णा आत आली होती.

निवडून कोण आलं ते इथं विचारू नका,
ते चौकातलं पोरही सांगेल.
ही भिंत
फक्त जप्त झालेल्या पैशाची.

मग मतदारसंघाची हद्द सरकली.
दुकान राहिलं सांगलीत,
वानलेसवाडीचं घर मिरजेत गेलं.
तरी अर्ज भरलाच. चिन्ह कपबशी.

मोजणीवरून आले, बोट ऑइलात बुडवलं:
एकशे चाळीस.
"खरं तर बेचाळीस धरायची.
घरची दोन हद्दीपलीकडं अडकली."

मेहरूनबी चहा गाळत म्हणाली,
"एकच."