शेऱ्याचा रकाना

रात्री दोनला, शहरातले नळ मिटले
की आमची ड्यूटी सुरू.
कारभारी गांगुर्डे पुढे, मी मागे,
बॅटरी, खडू आणि महापालिकेचं लांबुळकं रजिस्टर
काखेत धरून.
गंगापूर धरणातून निघालेलं पाणी
घरी पोचेपर्यंत थोडं वाटेतच सांडतं.
त्या सांडण्यावर आमचा पगार.

त्यांच्या हातात सळई,
वरच्या टोकाला पितळी वाटी,
तांबट आळीतून स्वतःच्या पैशानं घडवून घेतलेली,
कानाच्या मापाची.
सळई डांबरावर टेकायची, वाटी कानाला,
डोळे बंद.
तेवढा वेळ मी कुत्र्यालाही हाड म्हणायचं नाही
असा करार होता.

तिवंध्याच्या उतारावर पहिल्यांदा म्हणाले,
"लिही. सुपात तांदूळ घोळल्यासारखा."
मी म्हटलं, काका, रकान्यात तीनच गोष्टी बसतात :
मोठी, मध्यम, किरकोळ.
"मग किरकोळवर टिक कर," म्हणाले,
"पण तांदूळ सोडू नको."

शेवटी एक अरुंद रकाना असतो, शेऱ्याचा.
तो कुणी भरत नाही.
मी तिथं तांदूळ लिहिला.

मग सवयच लागली.

डिंगर अळी : घट्ट बांगडी हातात चढवताना.
घनकर गल्ली : म्हाताऱ्याचं घोरणं, मधेच थांबतं.
भद्रकाली, भाजीबाजारामागे : दोघी कुजबुजतात, त्यातली एक रुसलेली.
रविवार कारंजा : ट्रक उभा होता. ऐकू आलं नाही. परत यावे.
पंचवटी : कढईत मोहरी, तडतडायच्या आधीची.

तडतडायच्या आधी मोहरीला आवाज असतो?
मी विचारलं.
"आईला विचार," म्हणाले, आणि बिडी पेटवली.

आईला विचारलं.
ती म्हणाली, असतो की.
म्हणून तर झाकण हातात घेते.

महिनाअखेरीस शिरसाठ मॅडमनी बोलावलं.
लाल पेन. समोर आमचं रजिस्टर.
"मोहरी? हे शासकीय दप्तर आहे."
मी मान खाली घातली.
मोहरी खोडली त्यांनी, बांगडी खोडली,
रुसलेल्या बाईवर दोनदा रेघ मारली.
मग पेन टेकवून बसल्या जरा.
"घनकर गल्लीतलं घोरणं थांबलं का?"
थांबलं मॅडम. शनिवारीच खणलं.

एकदा मला कालिदासचे दोन पास मिळाले.
शास्त्रीय गायन.
मला वाटलं, ज्याला डांबराखालचं ऐकू येतं
त्याला हे म्हणजे मेजवानीच.
कारभारी काका मध्यंतरापर्यंत झोपले,
मध्यंतरानंतरही झोपले.
बाहेर चहा पिताना म्हणाले,
"तबला बरा होता.
पण डाव्या अंगाचा एसी गळतोय, सांग त्यांना."

डिसेंबरातली रात्र. गंगेवरून येणारा वारा
स्वेटरच्या विणीतून मोजून आत शिरत होता.
मेनरोडच्या आतल्या बोळात
काका सळईला कान लावून उभे राहिले,
नेहमीपेक्षा जास्त.
मी खडू काढून तयार.
जागा सापडली की गोल काढायचा, सकाळी तिथं कुदळ पडते.

त्यांनी हात वर केला. थांब.
आणि आयुष्यात पहिल्यांदा
वाटी माझ्याकडे सरकवली,
त्यांच्या कानानं अजून कोमट असलेली.

आधी माझंच रक्त ऐकू आलं.
मग एक मालगाडी, देवळाली कॅम्पाच्या पलीकडे कुठंतरी.
मग खाली, अगदी खाली,
काहीतरी चोळलं जात होतं,
पाणी ओतलं जात होतं,
पुन्हा चोळलं जात होतं,
घाईनं नाही, पण झोपेतही नाही.

"गळती नव्हं," काका म्हणाले.
"मटकी धुताहेत. सकाळच्या मिसळीची."

मी तिन्ही रकाने कोरे सोडले.
शेऱ्यात लिहिलं, मटकी,
आणि खडू परत खिशात टाकला.