मधली रेघ

हूमाच्या ऊस केंद्रात ऑगस्टची पहाट,
बाहेर बायूच्या पाण्यावर वाफ.
मी फ्रीजमधून रात्रीची जेल काढते,
बटाट्याच्या स्टार्चची घट्ट खळ,
आणि गिटारच्या तारेने तिचे पापुद्रे कापते.
तार आल्सीद गिड्रीने दिलेली.
आता वाजवत नाही, म्हणतो, सांधे धरलेत.

शेंड्याच्या कोवळ्या पानाचा थेंबभर रस
टिपकागदाच्या चिंधीवर.
रात्रभर वीज सोडली की त्यातली विकरं चालू लागतात,
कुणी बोटभर पुढे, कुणी उंबऱ्याशीच अडलेलं.
मग रंगात बुडवायचं, अंधारात ठेवायचं.
घाई करून चालत नाही.

पौंड्याची एक रेघ, इथे.
रानटी काशाची एक, नखभर वर.
त्यांच्या संकराला तीन:
आईची, बापाची,
आणि मधे एक, जी दोघांकडेही नाही.
अर्धा तुकडा हिचा, अर्धा त्याचा
चिकटून झालेली.
सगळ्यांत ठळक तीच.

आल्सीद स्टुलावर येऊन बसतो.
तीनशे चार नंबर त्याचा.
एकवीस वर्षांपूर्वी त्याने उसाला खोटी संध्याकाळ दाखवली:
रुळांवरच्या गाड्यांत कुंड्या,
चार वाजले की अंधारघरात ढकलायच्या,
तेव्हा कुठे इथे तुरा येतो.
मलमलीच्या तंबूत त्याने काशाचा तुरा झटकला,
पिवळ्या भुवया घेऊन घरी गेला.
बायकोने विचारलं, कुणाची हळद होती?
असं तो नाही म्हणाला. हळद माझी.
ती नुसती हसली, म्हणाला.

पुढे एका जानेवारीत सगळं शिवार गोठलं,
उभ्या उसाचा रस आंबला.
तीनशे चारचा खोडवा मात्र मार्चमध्ये फुटला, हिरवागार.
"बापावर गेलाय,"
आल्सीद चर्चच्या पायऱ्यांवरसुद्धा सांगायचा.

आज तीनशे चारच्या ओळीत
एकच रेघ.
मी पान बदललं, विकर बदललं,
परवा केलं, काल केलं.
आईचीच रेघ, जिथली तिथे.
त्या पहाटे काशाचा कणही रुजला नव्हता.
वांझ समजून आम्ही सोडून दिलेला
तिचाच पराग तिच्यावर पडला होता.

हे मी त्याला कुठल्या इंग्रजीत सांगणार?
त्याची फ्रेंच वळणाची, माझी कराडची.
शेवटी जेलच पुढे सरकवली.

बराच वेळ बघत राहिला.
चष्मा पुसला, पुन्हा बघितलं,
जिथे मधली रेघ असायला हवी होती
तिथल्या कोऱ्या जागेवर नख टेकवलं.
"मग थंडी कुणी सोसली?"
"हिनेच."

उठून गेला. वाटलं, घरी गेला.
आला तो तीनशे चारची दोन पेरं घेऊन,
खिशातल्या चाकूने सोलली, एक मला दिलं.
ऑगस्टचा ऊस, कच्चा, पाणचट.
दोघं चावत बसलो,
चोथा टाकायला एकच बादली.

पाटीवरचं बापाचं नाव
पेन्सिलने खोडावं की राहू द्यावं
यावर काहीच बोलणं झालं नाही.
दारातून म्हणाला,
"चार वाजता ये.
गाड्या ढकलायला माणूस कमी आहे."