कुलूप

गुरुवारी रात्री छापखाना चालायचा तेव्हा
शेजारच्या बेकरीतल्या बरण्या किणकिणायच्या.
आता तिथे कयाक भाड्याने मिळतात.
यंत्र भंगारात गेलं, वजनावर.

फ्योर्डकडच्या खिडकीशी बसून
स्टाइनुन हिशेब मांडते:
आधी गेल्या छोट्या जाहिराती,
जुनी होडी, मेंढ्यांचं गवत, 'खोली भाड्याने देणे आहे'.
मग दुकानं. मग दुकानदारच.

रेक्याविकहून आलेला सल्लागार म्हणाला,
बातमीला कुलूप लावा,
ज्याला वाचायचंय तो किल्ली घेईल.
बंदराच्या कंत्राटाची बातमी, अकरा आठवड्यांची मेहनत,
कुलपाआड ठेवली.
चारशे बारा किल्ल्या खपल्या.
नऊशे वस्तीच्या गावात हे कमी नाही.
पुरेसंही नाही.

वारा, फेरीबोट आणि निधनवार्ता
तेवढ्या उघड्या ठेवल्या.
त्याने आलेख पुढे सरकवला:
सगळ्यात जास्त वाचतात ते हेच, बाई. पैसा इथे आहे.
स्टाइनुन म्हणाली,
माणूस गेल्याचं कळायला
आमच्याकडे पैसे पडत नाहीत.
कॉफी निवतेय तुमची.

सहा प्रती मात्र अजून निघतात,
कचेरीतल्या प्रिंटरवर, पिनेने टाचून,
ज्यांच्या घरी स्क्रीन नाही त्यांच्यासाठी.
म्हातारा हाल्वार्दुर बोटीचे बूट बाहेर काढून येतो,
पहिलं पान चाळतो,
आणि सवयीने अंगठा तर्जनीवर घासून बघतो.
काळं काहीच लागत नाही.
"शाई ओली नाही," म्हणतो, "म्हणजे शिळा दिसतोय."

तरी नेतो.
पुढच्या गुरुवारचे पैसेही
टेबलावर ठेवून जातो.