तोळा-मासा

आधी वाटलं, माझी नक्कल करतेय.
गुडघे पोटाशी, पाठीची कमान, मान खाली,
मी जसा फुंकणी धरून शेगडीवर वाकतो
तशी बसायची शाल्मली, जेवण झालं की,
दिवाणाच्या कोपऱ्यात.
हसलो आम्ही.
ते हसणं अजून फिटलेलं नाही.

शेजारच्या काकू सहज म्हणत,
पोरीच्या अंगी लागत नाही खाल्लेलं.
मग एका सकाळी न्हाणीचं दार लोटून
हिनं हळूच सांगितलं:
बुडत नाही. तरंगतं.
वर तेलाचा तवंग. चार बादल्या ओतल्या मी.
अंगी न लागलेलं तूप, दूध, शेंगदाणे,
सगळं तिथं, पाण्यावर.

शाळेच्या पुस्तकात, हिंदीत, त्याला म्हणतात अग्न्याशय.
घरी, मराठीत, स्वादुपिंड,
नैवेद्याच्या ताटातला लाडू वाटावा असं नाव.
मला हिंदीच पटली.
आग मला कळते. ज्योत सुताएवढी सरकली
तर डाख वाहून जातो, कडी वितळते.
ही आग तर स्वतःचंच घर चाटत होती
नऊ वर्षांच्या पोटात.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नळीत खडे आहेत.
कसले, असं विचारलं मी,
आणि जीभ चावली.
दुर्बिणीतून दोन काढले. एक अजून आहे.

आता पहिल्या घासाला एक कॅप्सूल, मध्ये एक.
लहान होती तेव्हा उघडून द्यायचो,
आत बारीक रवा, बांगडीवर जोडतात तसला.
तूप मी दुकानच्या काट्यावर मोजून नेतो, पाच ग्रॅम, डबीत.
ही ओरडली, सोन्याच्या काट्यावर तूप?
मी म्हटलं, मग कशावर?
दिवाळीला एकोणीस किलो. संक्रांतीला एकोणीस.
रंगपंचमीला, गेर बघून आल्यावर,
एकोणीस आणि तीनशे.
तीनशे ग्रॅम! इतकं सोनं
माझ्या हातून एका दिवसात कधी गेलं नाही.

परवा हट्ट धरून दुकानात आली.
नऊ वाजता आमची शटरं पडतात
आणि त्याच पायऱ्यांवर सराफा दुसऱ्यांदा उघडतो,
कढया, परातभर जिलबी, भुट्ट्याचा कीस,
गराडूचे तुकडे तेलात टाकताना होणारा तो आवाज.
मी तिचा हात धरून भराभर चालू लागलो
तर ती थांबलीच.
बाबा, तुम्ही खा. मी बघते.
नको गं.
खा ना. आणि सांगा.

घेतला एक द्रोण. काडीनं पहिला तुकडा उचलला.
ती माझ्या जबड्याकडे बघत होती,
मी काट्याकडे बघतो तशी, श्वास रोखून.
कसाय?
काही खास नाही, म्हटलं. थंडच झालाय.
खोटं, म्हणाली. वाफ दिसतेय.
आणि जिरावण जास्त पडलंय,
मला इथवर वास येतोय.

मग फ्रॉकच्या खिशातून तिनं कॅप्सूलची पट्टी काढली,
मोजली,
परत ठेवली.
उद्या शाळेत डब्याला लागेल, म्हणाली.
आणि द्रोणातला एक तुकडा
बोटानं नुसता उलटा करून पाहिला,
खालची बाजू नीट तळली गेलीये का ते.